सिंकभोवती काय ठेवायचं, काय नाही: गावाकडच्या नव्या ओट्यासाठी

घरकुलाचा हप्ता जमा झाला, भिंती वर आल्या, आता ओटा टाकायचा. मिस्त्री विचारतो, "सिंक कुठं घ्याचं, वयनी?" तेवढ्यात घरातलं कोणीतरी मोबाइलवरचा फोटो पुढे करतं. सिंकखाली चकचकीत कपाट, त्यात सरकत्या जाळ्या, वर काचेची दारं. फोटो शहरातल्या फ्लॅटचा असतो. तिथे चूल नसते, कोठ्यात गाय नसते, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून भिंत हलत नाही. आपलं विदर्भातलं घर दारव्ह्याकडे असो, मूलकडे असो की तेल्हाऱ्याकडे, सिंकभोवतीच्या कपाटा-मांडणीचा निर्णय पाण्याच्या हिशेबानेच घ्यावा लागतो. पाणी किती दिवसांनी येतं, कुठे उडतं, कुठे मुरतं, कुठून बाहेर जातं हे कळलं की जाळी घ्यायची की मांडणी, दार लावायचं की मोकळं ठेवायचं हे ठरवणं सोपं जातं.

पहिल्यांदाच सिंक करून घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बदलीवर गावात आलेल्या गुरुजी-बाईंना, सिस्टरताईंना भाड्याच्या घरातला ओटा सुधारून घ्यायचा असेल, तर त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी रात्रीची भांडी जमिनीवर मांडा

घरी पाहुणे असतील अशा एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर भांडी लगेच घासायला घेऊ नका. अंगणात किंवा पडवीत ती जवळजवळ मांडा. ताटं एकावर एक, मग वाट्या, पेले, परात, तवा, कढई, भाजीचा गंज, कुकर, दुधाचं पातेलं, सराटा, पळी. सगळ्यांभोवती कोळशाने रेघ ओढा. खरकट्याला सिंकशेजारी एवढी जागा लागणार. भांडी घासून झाली की तीच पालथी, एकमेकांना न टेकवता मांडा आणि पुन्हा रेघ ओढा. ही दुसरी रेघ मोठी येते, कारण ओली भांडी एकात एक रचता येत नाहीत. नवे ओटे बहुधा इथेच कमी पडतात. घासायची सोय होते, पण निथळायची जागा ठेवायची राहून जाते. मग ओली भांडी गॅसच्या शेगडीभोवती पसरतात आणि भाकरी थापायला जागा उरत नाही.

आता भांडी तीन भागांत वेगळी करा. रोज दोनदा लागणारी, आठवड्यातून कधीतरी लागणारी आणि सणावाराला निघणारी. सिंकभोवती जागा मिळेल ती फक्त पहिल्या भागाला. मोठा कोपर, पुरणाची मोठी पातेली, पंगतीचे गंज पोळ्याला नाहीतर महालक्ष्म्यांना निघतात, ते वरच्या फळीवर किंवा माळ्यावर जाऊ द्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे आणि स्वयंपाकाची जागाही त्यातच धरलेली आहे. अशा घरात वर्षातून दोनदा निघणाऱ्या भांड्यासाठी सिंकजवळची जागा अडवणं परवडत नाही.

चूल आणि गॅस दोन्ही असतील तर आणखी एक वाटणी करा. चुलीवरची काळी भांडी सिंकमध्ये आणूच नका. ती राखेने घासली जातात, आणि राख पाण्याबरोबर पाइपच्या वळणात जाऊन बसते. वर तेलाचा ओशटपणा साचत गेला की पाइप तुंबतो. काळ्या भांड्यांसाठी बाहेरची मोरी आणि तिच्याजवळ एक खालची फळी ठेवा. राखेचा डबा, नारळाची शेंडी, तारेची घासणी हे सगळं तिकडेच राहू द्या. आत सिंक आलं म्हणून बाहेरची मोरी मोडून टाकणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, ती मोडू नका. सिंकवरचा निम्मा भार तीच उचलते.

मग पाण्याचा हिशेब

जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. त्याचं उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर. प्रत्यक्षात तुमच्या गावात नळ रोज येतो, दिवसाआड येतो की टँकरची वाट पाहावी लागते, यावर सिंकशेजारची रचना ठरते.

छतावर टाकी असेल तर प्रश्न सोपा. टाकी नसेल किंवा मे महिन्यात ती रिकामीच राहत असेल, तर सिंकच्या अगदी बाजूला तोटीचा ड्रम किंवा मोठी टाकी ठेवायची जागा आधीच सोडा. ड्रमची तोटी सिंकच्या काठापेक्षा वर आली पाहिजे. त्यासाठी ड्रमखाली विटांचा पक्का चौथरा लागतो आणि तो ओट्याबरोबरच बांधून घ्यावा. शंभर लिटरचा भरलेला ड्रम शंभर किलोंवर जातो. तो लोखंडी स्टुलावर ठेवणं धोक्याचं, विशेषतः लहान मुलांच्या घरात.

पिण्याचं पाणी मात्र सिंकपासून दूर असावं. गुंड, माठ किंवा पंचायतीच्या आरओ यंत्रावरून आणलेली २० लिटरची कॅन, काहीही असो, त्यावर साबणाचे शिंतोडे उडता कामा नयेत. तीन फुटांचं अंतर तरी ठेवा. तेवढं जमत नसेल तर मध्ये कडप्प्याची उभी फरशी घाला. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांच्या गावांमध्ये, घरातच आरओ बसवायचा विचार असेल तर सिंकशेजारची दोन फूट भिंत त्यासाठी मोकळी सोडा आणि बटणाचा बोर्ड पाणी उडणार नाही अशा उंचीवर घ्या. या यंत्रातून शुद्ध पाण्याबरोबर खारं पाणीही बरंच बाहेर पडतं. त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडण्यापेक्षा खाली बादलीत सोडली तर ते फरशी पुसायला कामी येतं. म्हणजे बादलीलाही जागा लागणार.

बादल्यांची जागा फोटोतल्या स्वयंपाकघरात कुठेच दिसत नाही. आपल्याकडे तिच्यावाचून काम अडतं. दारात गाय-म्हैस असेल तर डाळ-तांदळाचं धुवण आणि खरकट्याचं पहिलं, साबण न लागलेलं पाणी ढोरांच्या बादलीत जातं. ती बादली सिंकच्या इतकी जवळ हवी की ताट तिच्यात विसळून लगेच सिंकमध्ये ठेवता येईल. म्हणून ओट्याखाली खरकट्याच्या बाजूला सव्वा फूट रुंदीचा एक कप्पा दार-फळी काही न लावता रिकामा ठेवा. बादली त्यात सरकवून ठेवता येते आणि चालताना पायात येत नाही.

सिंकचं माप, आणि त्याच्या दोन बाजू

दुकानात सिंकचं जे माप सांगतात ते बाहेरचं असतं. २४ बाय १८ इंची सिंक म्हटलं तरी आतली कुंडी दोन्हीकडून इंच-दीड इंच कमी भरते. घरातली परात दुकानात घेऊन जा आणि सिंकमध्ये ठेवून पाहा. परात आडवी बसत नसेल तर ती तिरपी धरून घासावी लागते, आणि मग पाणी ओट्यावर आणि अंगावर येतं. दोन कुंड्यांचं सिंक दिसायला छान. पण पाच-सहा फुटांच्या ओट्यावर ते घेतलं की निथळायची जागा जाते, आणि दोन्ही कुंड्या लहान असल्या तर परात कशातच मावत नाही. लहान ओट्यावर एकच मोठी कुंडी घ्या, बाजूला पाणी निथळायला उतरती जागा करा, असं मी प्रत्येकीला सांगते.

खोली आठ इंच पुरे. दहा इंचांच्या कुंडीत हात खाली जातो, कंबर वाकते आणि खालची जागाही कमी होते.

स्टीलवर ३०४ असा छाप पाहा. या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्यामुळे ते गंजाला चांगलं तोंड देतं. खाऱ्या पाण्याच्या गावांत तर याला पर्याय शोधू नका. काही दुकानदार चुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, "पाहा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल." पण स्वस्तातल्या २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. चुंबकावर विसंबू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. मांडणीच्या आणि जाळीच्या बाबतीतही हेच करा.

आता बाजू. उजव्या हाताने घासणारीला खरकटं उजवीकडे आणि धुतलेलं डावीकडे सोयीचं पडतं. भांडं डाव्या हातात असतं, ते विसळून त्याच बाजूला ठेवलं जातं. डावखुऱ्या बाईसाठी हे उलटं करा. घरात दोन जावा मिळून काम करत असतील तर जी जास्त वेळा घासते तिच्या हाताने ठरवा. निथळायच्या बाजूला ओट्याच्या ग्रॅनाइटला सिंककडे ढाळ द्यायला मिस्त्रीला आधीच सांगा. फरशी बसल्यावर ढाळ देता येत नाही. ओट्याच्या पुढच्या कडेला अर्धा इंच उंच पट्टी लावून घ्या. तेवढी पट्टी असली की पाणी खालच्या कप्प्यांवर ओघळत नाही आणि खाली ठेवलेलं सगळं कोरडं राहतं.

सिंकच्या खाली

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त पस्तावा इथेच होतो, म्हणून इथे थोडी थांबते.

सिंकच्या बरोबर खाली बंद कपाट करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे पाइप असतो, जोड असतात, आणि कोणताही जोड कधी ना कधी पाझरतो. बंद दारामागे तो पाझर महिनोन्महिने दिसत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की पाझर नसला तरी कपाटाच्या आतून बुरशीचा वास येतो. अंधार, ओल आणि खरकट्याचा वास एकत्र आले की झुरळं येतात, त्यांच्यामागे पाली, उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे साप येतो. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री सांगतात, "वयनी, सिंकच्या खाली मोकळंच ठेवा जी. उजेड पडला पायजे, झाडू फिरला पायजे." मला याहून चांगला सल्ला अजून मिळालेला नाही.

दार हवंच असेल तर ते जमिनीपासून चार इंच वर ठेवा, जाळीचं किंवा पट्ट्यापट्ट्यांचं करा, म्हणजे आत हवा खेळेल. साहित्य पीव्हीसीचं किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीचं घ्या. लाकडी भुशाचं दाबून केलेलं बोर्ड पाणी लागलं की फुगतं, बिजागरीचे स्क्रू सुटतात आणि दार लोंबकळतं. प्लायवूडच वापरायचं असेल तर आयएस ७१० चा छाप असलेला, मरीन प्लाय म्हणतात तो घ्या आणि कापलेल्या कडा उघड्या सोडू नका. कडा उघडी राहिली तर ओल तिथूनच शिरते. आणि प्लाय कितीही चांगला असला तरी त्याचा पाय जमिनीला टेकवू नका. वाळवी जमिनीतूनच वर चढते, म्हणून खाली कडप्प्याची किंवा विटांची चार इंची पट्टी द्या.

आता पाइप. सिंकच्या जाळीखालून येणारा लवचीक पाइप बऱ्याच घरांत थेट फरशीतल्या भोकात कोंबलेला असतो आणि भोवती बोटभर फट असते. ती फट म्हणजे बाहेरच्या नालीतून घरात यायची वाट. पाइपला पाणी धरून ठेवणारं वळण हवं. त्या वळणात साचलेलं पाणी नालीचा वास आणि किडे अडवतं. फरशीत पाइप शिरतो तिथे रबरी कड किंवा सिमेंटने फट पूर्ण बुजवा. उन्हाळ्यात घर बंद करून लग्नाला किंवा माहेरी गेलात की वळणातलं पाणी आटतं. परत आल्यावर आधी तांब्याभर पाणी ओता, मग बाकीची कामं. सांडपाण्यासाठी परसात शोषखड्डा असेल तर त्याच्या आधी एक लहान टाकी करून तिच्यात जाळी बसवा. तेलाचा ओशट थर आणि खरकट्याचे कण खड्ड्यात गेले की खड्डा पाणी शोषायचं थांबतो, आणि आपल्या काळ्या जमिनीत पाणी तसंही हळूच मुरतं.

पाइप बसला की मिस्त्रीला मजुरी देण्याआधी एक परीक्षा घ्या. जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा, जाळीचं झाकण लावून सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. कागदावर एक जरी ओला ठिपका उमटला तरी जोड पुन्हा करायला लावा. नळाची बारीक धार सोडून पाहिलं तर पाझर लक्षात येत नाही, पाण्याचा पूर्ण भार पडला की येतो.

मग सिंकखाली ठेवायचं काय? एक बादली, एक खरकट्याचा डबा, आणि हवं तर प्लास्टिकची किंवा ३०४ स्टीलची बुटकी जाळीदार घडवंची. तिच्यावर रोजची कढई-तवा ठेवा. जे सहज उचलून बाजूला करता येईल आणि मागची भिंत पाहता येईल, तेवढंच.

सरकत्या जाळ्या सिंकच्या बाजूच्या कप्प्यांमध्ये चांगल्या चालतात. तिथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आपल्याकडे ओट्याखालचे उभे भाग कडप्प्याचे असतात आणि ते क्वचितच अगदी ओळंब्यात असतात. वर १९ इंच आणि खाली साडेअठरा इंच, असा फरक सर्रास दिसतो. सरकत्या जाळीच्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, आणि तोही वरपासून खालपर्यंत सारखा. एका बाजूने थोडं जरी दाटलं तरी जाळी अर्ध्यावर अडकते, बाई ओढते, पट्टी वाकते. एका ओळखीच्या घरी असा ड्रॉवर पाहिला. डाव्या पट्टीतले छर्रे निखळून खाली पडले होते आणि घरातल्या सूनबाई दर वेळी गुडघा टेकवून, जाळी वर उचलून ती बाहेर काढत होत्या. आत फक्त वाट्या होत्या. म्हणून कप्प्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली, शिवाय पुढे आणि मागे, अशी मोजा आणि त्यातल्या सर्वांत लहान मापाची जाळी आणा. फरक पाव इंचापेक्षा जास्त असेल तर जाळीचा नाद सोडा. कडप्प्याची एक आडवी फळी टाका आणि भांडी प्लास्टिकच्या टोपल्यांत ठेवून टोपल्याच पुढे ओढा. काम तेच होतं आणि बिघडायला काही उरत नाही.

दुसरं, जाळीत कोरडी भांडीच जाऊ द्या. ओल्या ताटांचं पाणी पट्ट्यांवर ठिबकलं की छर्रे गंजतात. म्हणूनच आधी निथळायची जागा, मग जाळी.

वर: मांडणी कुठे, आणि कोणत्या भिंतीवर

स्टीलची मांडणी आपल्या बायकांच्या हाताला सवयीची आहे आणि सिंकजवळ मला तीच सगळ्यात पसंत आहे. ताटाळं, वाट्यांची रांग, पेल्यांचे खुंटे, चमच्यांचा डबा, सगळं उघडं, वाऱ्यावर वाळणारं. ती सिंकच्या बरोबर वर किंवा निथळायच्या ढाळावर हवी, म्हणजे ठिबकणारं पाणी आपोआप सिंकमध्ये जातं. खालची कड ओट्यापासून दीड ते पावणेदोन फूट वर ठेवा. त्यापेक्षा खाली आली तर कुकर घासताना डोकं आपटतं, वर गेली तर ठेंगण्या बाईला ताट काढायला टाचा उंचवाव्या लागतात. लावायच्या आधी रोज घासणारीला ओट्यापुढे उभं करा, हात वर करायला सांगा आणि तिच्या मनगटाच्या उंचीवर वरचा कप्पा येईल असं बघा.

खिडकी असेल तर मांडणी खिडकीसमोर नको. आमच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. स्वयंपाकघरात येणारी ती एक झुळूक भांड्यांनी अडवू नये. आणि पश्चिमेच्या खिडकीतून मांडणीवर ऊन येत असेल तर दुपारी तीनला स्टीलच्या ताटाला हात लावून पाहा, म्हणजे कळेल.

भिंतीकडे नीट लक्ष द्या. भरलेली मांडणी सहज २५-३० किलो भरते. सिमेंटने बांधलेल्या विटांच्या किंवा फ्लाय अॅशच्या विटांच्या नव्या भिंतीत फास्टनर चांगला धरतो, फक्त तो विटेत घ्यायचा, दोन विटांच्या सांध्यात नाही. जुनी मातीच्या जोडणीची भिंत असेल तर खिळा आज बसतो आणि पावसाळ्यात सुटतो. तिथे भिंतीवर मांडणी टांगूच नका. ओट्यावर उभी राहणारी पायांची मांडणी घ्या किंवा छताच्या लाकडाला, लोखंडी पाइपला वरून आधार द्या. काळ्या मातीवरच्या घरांची आणखी एक खोड असते. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दरवर्षी भिंतीत तिरपी भेग उघडते-मिटते. मांडणीचे चारही आधार भेगेच्या एकाच बाजूला हवेत. दोन इकडे, दोन तिकडे असले तर भेग हलली की मांडणी पिळते आणि एक खिळा निघून येतो.

काचेची बंद कपाटं सिंकवर लावायची असतील तर ती फक्त कोरड्या वस्तूंसाठी, आणि ठिबकण्याच्या जागेपासून दूर लावा.

बांबूच्या टोपल्या, सुपं, दुरड्या सिंकशेजारी टांगू नका. बुरडाच्या हातच्या या वस्तू कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात, पण सिंकजवळ एका पावसाळ्यात काळ्या पडतात आणि मग त्यात भाकरी ठेववत नाही.

घासणी, साबण आणि फडकं

लहान गोष्ट, पण रोज डोळ्यांपुढे असते. घासणी पाण्यात पडून राहिली की वास मारते, आणि तारेची घासणी ग्रॅनाइटवर गंजाचा असा डाग सोडते की तो निघता निघत नाही. साबणाची वडी आणि घासणी, दोन्हींसाठी तळाला छिद्रं असलेली छोटी जाळी सिंकच्या आतल्या काठाला अडकवा. फडक्यासाठी खुंटी मांडणीच्या बाजूला नको, खिडकीजवळ द्या, कारण ते वाळलं पाहिजे. एवढं झालं की ओट्यावर मागे काहीही ठेवायची गरज राहत नाही.

इथे कधीच ठेवू नका

सिंकखालचा कोपरा म्हणजे नको असलेल्या बाटल्यांची जागा, ही सवय शेतकऱ्याच्या घरात जिवावर बेतू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे औषध किती जहाल असतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्याची बाटली भरलेली असो, अर्धी असो की रिकामी धुतलेली, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. रिकाम्या बाटलीत फिनाइल, रॉकेल किंवा तेल भरून ठेवणं तर पूर्ण बंद करा. औषधाची जागा वावरातल्या कोठडीत किंवा घराबाहेर, कुलपात आणि मुलांच्या हातापासून दूर.

संडास धुण्याचं अॅसिड आणि पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर ही दोन्ही सिंकखाली शेजारी ठेवलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत. ती एकमेकांत मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा स्वयंपाकघरात तो श्वास कोंडतो. दोन्ही स्वयंपाकघराच्या बाहेर, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. भांड्यांचा साबण तेवढा आत राहील.

गॅसचं सिलिंडरही सिंकखाली नको. ओलीने त्याचं खालचं कडं गंजतं आणि फरशीवर गंजाचं वर्तुळ उमटतं, हे तर आहेच. त्याहून मोठं कारण असं, की हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, आणि बंद कपाटात साचला तर वासही उशिरा येतो. सिलिंडर शेगडीच्या बाजूच्या मोकळ्या कप्प्यात, उभं, आणि खालून हवा जाईल असं ठेवा. त्या कप्प्यालाही पूर्ण बंद दार नको.

मिस्त्रीला कोणत्या क्रमाने सांगायचं

वर सांगितलेलं सगळं एका दिवसात ठरवायचं नाही, पण सांगायचा क्रम चुकला तर तोडफोड होते. सगळ्यात आधी पाइप कुठून बाहेर जाणार आणि त्याला उतार किती हे ठरवा, कारण सिंकची जागा त्यावरून ठरते. मग ड्रमचा चौथरा आणि बादलीचा रिकामा कप्पा आखून घ्या. हे आखणं कागदावर न करता जमिनीवर कोळशाने करा, त्या रेघांमध्ये प्रत्यक्ष बादली, परात, सिलिंडर ठेवा आणि घरातल्या बायांना तिथे उभं राहून बघू द्या. मग ओट्याची उंची. साधारण ३२ ते ३४ इंच असते, पण माप घासणारीच्या कोपराचं घ्या. कोपर वाकवून हात समोर धरला की तळव्याखाली चार-पाच इंच मोकळे राहावेत. मग ढाळ आणि पुढची पट्टी. मग सिंक, पाइपचं वळण आणि वर्तमानपत्राची परीक्षा. मांडणी त्यानंतर.

जाळ्या आणि दारं ओटा झाल्याबरोबर घेऊ नका. एक पावसाळा मोकळ्या ओट्यावर काढा. त्या चार महिन्यांत ओल कुठे येते, मुंग्या कुठून निघतात, सासूबाई तवा हमखास कुठे ठेवतात आणि मुलं पाण्याचा पेला कुठे टाकतात हे सगळं दिसतं. दसऱ्यानंतर भिंती वाळलेल्या असतात, हातात कापसाचे, सोयाबीनचे पैसे आलेले असतात आणि नेमका कोणता कप्पा बंद हवा हे तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. पैसे तेव्हाही कमी पडत असतील तर आधी चांगलं सिंक आणि पक्का पाइप, मग मांडणी, आणि सरकत्या जाळ्या सगळ्यात शेवटी घ्या.

आणि भिंतीत प्लास्टर व्हायच्या आधी मिस्त्रीकडून सिंकजवळ एक जादा पाइप टाकून, तोंडाला बूच लावून घ्या. आज नळ बाहेरच असला तरी पुढे टाकी चढेल किंवा आरओ येईल, तेव्हा टाइल फोडावी लागणार नाही.